चिखल्याच्या फळीवरचं टोकन

सांगलीहून गोंदियाच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत तीन पुस्तकं होती आणि त्यातलं एकही मी वाचत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लाज वाटायची ती एकदाच वाटून जाईल.

आमचा फोनवर वाचकांचा एक गट आहे. रोज कुणीतरी विचारतं, "सध्या काय वाचताय?" आणि पटापट उत्तरं येतात. त्यात माझी उत्तरं सगळ्यांत लांबलचक. निवृत्त शिक्षिका, त्यातून गणिताची, त्यामुळे लोकांचा माझ्यावर फार विश्वास. पण गेले चौदा महिने मी पुस्तकांची मलपृष्ठंच तेवढी वाचत होते आणि त्यावरून अभिप्राय लिहीत होते. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरींचे कान उपटण्यात जिचा जन्म गेला, तिने हे करावं!

कारण सांगते. माझी मैत्रीण कुमुद सोलापूरला असायची. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, आणि नंतर जन्मभर एकच पुस्तक दोन गावांत बसून वाचलं. दोघींकडे एकेक प्रत. रोज दहा पानं, संध्याकाळी साडेसातला फोन. एकदा पुस्तक तिने निवडायचं, एकदा मी. आणि नियम असा, की कुणीही पुढे जायचं नाही. एकशे एकोणनव्वदाव्या पानावर आम्ही फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला तिच्या मुलाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका होता. महिन्याभराने त्याने तिची प्रत मला पाठवली. मी ती तिच्या खुणेच्या चिठ्ठीपाशी एकदा उघडली आणि मिटली. ती नसताना पान उलटून एकशे नव्वदावर जाणं म्हणजे तिला मागे टाकून जाणं, असं माझ्या डोक्यात बसलं. मग दुसरं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की दोन पानांत मन उडायचं.

अशात गटातल्या वनिताबाईंचं बोलावणं आलं. भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याला त्या अंगणवाडी सेविका आहेत. दर रविवारी तिथे वाचकांची बैठक भरते, तिला पाहुणी म्हणून या म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? दोन नवीकोरी पुस्तकं दाखवायला घेतली, आणि कुमुदची प्रत तळाशी ठेवली. ती मी कुठेही जाताना नेतेच.

दुसऱ्या दिवशी गाडी वरठीला पोचली. स्टेशनचं नाव भंडारा रोड, गाव वरठी. कारखान्याच्या पाळीला निघालेल्या सायकली आणि मोटारसायकली रस्ताभर. हवेत छान गारठा होता. वनिताबाई फलाटावर उभ्या होत्या, चाळिशीच्या, काटक, तपकिरी स्वेटर घातलेल्या.

"जय भीम, ताई. थकल्या असान," त्या म्हणाल्या, आणि माझी पिशवी उचलून लगेच खाली ठेवली. "बाप्पा, किती पुस्तकं आणल्या!"

"सगळी वाचतेय ना," मी म्हणाले. चिखला अजून लांब होतं आणि मी खोटं बोलायला सुरुवातही केली होती.

आधी आम्ही रिक्षाने भंडाऱ्याला गेलो. भांड्यांच्या बाजारात वनिताबाईंचं काम होतं. पितळेच्या एका दुकानात गुंड (पाण्याचे हंडे), पराती, समया ढिगाने चमकत होत्या, आणि मागे एक वयस्क कारागीर रुपयाएवढ्या पितळी चकत्यांवर आकडे ठोकत बसले होते. एकतीस, एकतीस. बत्तीस, बत्तीस. प्रत्येक आकड्याच्या दोन.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बैठकीची टोकनं आहेत. लोक वाढून राहिले ना आमच्याकडे," वनिताबाई म्हणाल्या आणि चकत्या रुमालात बांधल्या.

बसला वेळ होता म्हणून वैनगंगेच्या काठी जाऊन आलो. पात्र रुंद, पाणी शांत, आणि पलीकडे धुकं अजून उठलं नव्हतं. मला कृष्णेची सवय. ही नदी जास्त अबोल वाटली. मग एसटीने तुमसर आणि तिथून जीपने चिखला. जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही सहाजणी, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी वांग्यांची थैली. बाहेर कापणी झालेल्या बांध्या (भाताची बांधाबांधाची शेतं), त्यांत धानाचे पुंजणे (कापलेल्या भाताचे ढीग), मधेच एखादा तलाव, आणि त्यापुढे जंगल. चिखल्याजवळ रस्त्याकडेची माती काळसर झाली. इथे मँगनीजची खाण आहे, जमिनीखालची. उतरले तेव्हा माझ्या पांढऱ्या चपलांचा रंग गेलेला होता.

वनिताबाईंचं घर कामगार वसाहतीला लागून आहे. त्यांचे सासरे, वामनबाबा, अंगणात उन्हात बसले होते. सारा जन्म खाणीत काढलेला माणूस. बोटं जाडजूड, आणि त्या बोटांत एक बारीकसं पुस्तक. एकेका ओळीवर बोट ठेवून ते ओठ हलवत वाचत होते.

"मले वाचाले वेळ लागते, जी," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर सूनबाईनं शिकवलं. तुमी कितव्या पानावर आहा?"

कोणतं पुस्तक हे नाही, कितवं पान! मी "वाचून झालंय" म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवलं.

जेवायला गरम भात, पातोडीची झणझणीत भाजी (बेसनाच्या वड्या रश्श्यात सोडलेल्या) आणि वर मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतली. खोटं बोलणाऱ्या माणसाचं पोट बिघडतं असं कोण म्हणेल? माझं तर चांगलं भरलं.

तीनला बैठक बसली, विहाराच्या बाजूच्या खोलीत. दहाबारा माणसं, सतरंजी, पुस्तकांचं एक कपाट. भिंतीवर लांब लाकडी फळी, तिला खिळे, आणि काही खिळ्यांना पितळी टोकनं. प्रत्येकाने हातात पुस्तक धरलेलं, आणि एकाचंही वाचून संपलेलं नाही. इथली रीतच तशी. ज्याच्या मधोमध आहात ते पुस्तक आणायचं, आहात ते पान सांगायचं आणि त्यातल्या चार ओळी वाचायच्या.

"पुस्तक सरलं त मग सांगाले काय राहिलं?" वनिताबाईंनी मला समजावलं. "सरलेलं पुस्तक म्हणजे माणूस घरी पोचला. जो रस्त्यात आहे त्याले विचारा लागते, कसं चाललं आहे."

माझी पाळी आली. मी नवी जाडजूड कादंबरी, जिचं मलपृष्ठही अजून वाचलं नव्हतं, वर धरली आणि म्हणाले, "पान एकशे चाळीस. नायकाचं एकटेपण फार सुंदर उतरलंय."

समोर रूपचंदभाऊ बसले होते. त्यांची धानाची शेती, आणि तुमसरला तांदळाचं दुकान. त्यांचा चेहरा उजळला. "मी बी तेच वाचून राहिलो! मी एकशे दहावर." आणि मग जरा गोंधळून, "पण त्याच्यात नायक कुठं आहे, ताई? सगळी गोष्ट त्या दोघी बहिणींची आहे ना?"

मी कादंबरी खाली घेतली. खोलीत कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. रूपचंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, नजर खाली घेतली आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली. "घ्या जी, घरचे आहेत," एवढंच म्हणाले. पुढचा माणूस वाचायला लागला. मी शेंगदाणे चावत फळीकडे बघत बसले, कारण माणसांकडे बघायची सोय उरली नव्हती.

बाबा माझ्या शेजारी सरकले. मी फळी बघतेय म्हणून हळूच सांगू लागले. खाणीत उतरताना प्रत्येकाचं एक टोकन वर फळीला लागतं, जोडीचं त्याच्या अंगावर असतं. पाळी सुटली की फळी बघायची. टोकन लटकलेलं असलं तर माणूस अजून खाली आहे, त्याला शोधायला जायचं. इथेही तसंच. पुस्तक सुरू केलं की टोकन लावायचं, संपलं की काढायचं. महिनाभर लटकून राहिलं तर दोघंजण त्याच्या घरी जातात.

"रागवायला?"

"कायले रागवाचं? सोबत बसाले. पुस्तक आवडलं नसन त सोड म्हणाचं. पण वर येऊन सांग म्हणाचं."

सात नंबरच्या खिळ्याला टोकन नव्हतं, पण गोल डाग होता, पितळ घासून पडलेला. मी त्याबद्दल विचारलं.

"सुकदेवचं," बाबा म्हणाले. "माझ्या जोडीनं खाणीत होता. अर्ध्या पुस्तकात असताना वारला. टोकन सहा महिने तसंच. कोणाचा हात जाईना. मंग मीच म्हटलं, आपण कोणाले खाली ठेवत नाही. त्याचं राहिलेलं पुस्तक इथं बसून मोठ्यानं वाचलं. चार रविवार लागले, माझ्यामुळं. मंग काढलं टोकन."

मला काय झालं कोण जाणे. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. पुढचा माणूस वाचता वाचता थांबला. मी सांगून टाकलं सगळं. मलपृष्ठं, चौदा महिने, कुमुद, साडेसात, एकशे एकोणनव्वद. वनिताबाई उठल्या. माझ्या पिशवीशी गेल्या आणि म्हणाल्या, "कोणतं आहे त्याच्यातलं?"

मी तळातली प्रत काढून दिली. त्यांनी रुमाल सोडला, एकतीस नंबरचं एक टोकन खिळ्याला लावलं आणि जोडीचं माझ्या हातात ठेवलं. मग चिठ्ठीपाशी पुस्तक उघडलं, आणि सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांदेखत, पान उलटलं.

दहा ओळी वाचून त्या थांबल्या. "ताई, इथं पेन्सिलीनं लिहिलं आहे काही."

"शक्य नाही," मी म्हणाले. "ती पुढे गेलेलीच नाही."

"'शालूला हे पटायचं नाही,'" त्यांनी वाचलं. "शालू कोण?"

शालू मी. माझं नाव शालन, आणि शालू म्हणणारं माणूस एकच होतं. मी पुस्तक ओढून घेतलं. एकशे त्र्याण्णव: 'इथे शालू भांडणार.' एकशे सत्त्याण्णव: 'इथे रडेल आणि सर्दी झालीय म्हणेल.' अक्षर तिचंच, 'ल'ला शेपटी काढलेलं. म्हणजे बाईसाहेब पुढे जात होत्या! जन्मभर मला वाटायचं ही मनकवडी आहे, मी फोनवर काय बोलणार हे हिला आधीच कसं कळतं? आणि मी नियम पाळत चौदा महिने दारात उभी होते. मला इतका राग आला की मी हसायला लागले, आणि हसता हसता रडले. बाबा म्हणाले, "सर्दी झाली का, जी?" तेव्हा मात्र सगळी खोली हसली.

पुढचं त्यांनी आळीपाळीने वाचलं. बाबांच्या वाट्याला अर्धं पान आलं आणि त्याला बराच वेळ लागला. एकशे नव्व्याण्णवाव्या पानावर वनिताबाईंनी पुस्तक मिटलं. "दहा झाले. तुमचा नियम तुमी पाळा. बाकीचं तुमचं तुमी वाचा. टोकन इथं आहे."

सोमवारी सकाळी निघाले. तुमसरपर्यंत रूपचंदभाऊंनी सोडलं. वाटेत त्यांनी त्या दोघी बहिणींची गोष्ट एकशे दहा पानांपर्यंत सांगितली आणि पुढचं काहीच माहीत नसल्याबद्दल माफी मागितली. गाडीत खिडकीपाशी बसून मी दहा पानं वाचली. अकरावं वाचावंसं वाटलं, तरी वाचलं नाही. आमच्यातल्या एकीने तरी शब्द पाळायला हवा ना?

घरी आले. घर होतं तसंच होतं, कुंड्यांतली माती वाळलेली, दुधाचा निरोप द्यायचा राहिलेला. इतका लांबचा प्रवास करून मी काय पाहिलं म्हणाल तर एक फळी पाहिली. पण इतकी वर्षं मी समजत होते की वाचन ही एकट्याने करायची गोष्ट आहे, आणि कुमुद हा माझा अपवाद. चिखल्याच्या माणसांना खाणीने शिकवलंय, की खाली एकट्यानेच उतरायचं असतं, पण वर कुणीतरी फळी बघत असलं पाहिजे.

गुरुवारी दोनच पानं उरली होती. ती वाचली. गोष्टीचा शेवट मला पटला नाही, आणि मला तो पटणार नाही हे समासात लिहिलेलं होतंच. अगदी शेवटच्या ओळीखाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने आणखी एक ओळ होती: 'पुढचं शालू निवडणार.'

घड्याळात साडेसात झाले आणि फोन वाजला. मी पुस्तक हातात तसंच धरून फोन उचलला.

"ताई," वनिताबाई म्हणाल्या, "कितव्या पानावर आहा?"

"झालं. दोनशे एकतीस. संपलं."

"मंग तुमचं टोकन काढू का?"

"काढा," मी म्हणाले. "आणि लगेच परत लावा. त्या दोघी बहिणींचं पुस्तक घेतलंय. पान पहिलं."