नेमक्या शब्दासाठी अडून बसणाऱ्या आठल्येबाई

श्रीमती कमलिनी आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांनीच मला विचारला. बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. पिंपरीत कारखान्यांची कुंपणे उभी राहत होती, कामगारांच्या चाळी वसत होत्या आणि आमची शाळा पत्र्याच्या तीन खोल्यांत भरत होती. मी नवा मुख्याध्यापक. इंग्रजीच्या शिक्षकासाठी दिलेली जाहिरात मी स्वतः, शब्दकोश शेजारी ठेवून लिहिली होती. बाईंनी तिचे कात्रण पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

"इथे तुम्ही 'एफिशियंट' शिक्षक हवा असं लिहिलंय. तुम्हाला कामाला चोख माणूस हवाय, की ज्याच्या शिकवण्याचा मुलांवर परिणाम होतो असा? दुसरा हवा असेल तर 'इफेक्टिव्ह' लिहायला हवं होतं."

मी म्हणालो, "दोन्ही हवंय."

"मग दोन्ही लिहायचं."

संस्थेचे चिटणीस मनापासून हसले. मला हसू आले नाही. बाईंना मी त्याच दिवशी नेमणूक दिली, कारण दुसरे कोणी आलेच नव्हते.

बाईंच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांच्या व्यासंगाविषयी लिहितील. मी अठरा वर्षे त्यांचा मुख्याध्यापक होतो. माझ्या वाट्याला त्यांच्या व्यासंगापेक्षा त्यापायी होणारा वैतागच अधिक आला. तो वगळून गौरव लिहिला तर बाई स्वतःच तो लेख तपासून परत पाठवतील, याविषयी मला शंका नाही.

आमची मुले कोणाची, तर बीड-उस्मानाबादेकडून, कोकणातून कारखान्यात आलेल्या कामगारांची, आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची. घरात इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरचे आणि कंपनीच्या फाटकावरचे. या मुलांना पाठ्यपुस्तकापुरते इंग्रजी आले, ती अकरावीला एस.एस.सी. सुटली, की मी कृतार्थ होणार होतो. बाईंना ते मान्य नव्हते. "एवढ्या शब्दांवर ही मुलं फाटकापर्यंत जातील, सर. आत जायला जास्त लागतात," असे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सुनावले.

त्यांनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका जमवल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे कापून प्रत्येक मुलाला दिली. रोज तीन शब्द. कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा उपयोग करून इंग्रजी वाक्य. मराठी अर्थ लिहायचा नाही, वाक्य गाइडातून उतरवायचे नाही, आणि लिहाल ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेले व खरे असले पाहिजे. एका मुलाने 'रिलक्टंट' या शब्दामागे लिहिले होते, की माझे वडील दुसऱ्या शिफ्टला नाखुशीने जातात. एका मुलीने 'फ्रूगल'मागे लिहिले होते, की माझी आई रॉकेल फार जपून वापरते. ही कार्डे वाचताना मला प्रथमच त्या घरांची ओळख झाली, हे मी कबूल करतो.

एके दिवशी मात्र माझ्या हाती 'पॉम्पस'चे कार्ड आले. पॉम्पस म्हणजे उगाच रुबाब करणारा. मागे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, की आमचे हेडमास्तर पॉम्पस आहेत.

मी बाईंना बोलावले. "बाई, हे काय आहे?"

"वाक्य आहे."

"ते दिसतंय मला!"

"व्याकरण निर्दोष आहे. अर्थही त्याला बरोबर कळलाय. मी पूर्ण गुण दिलेत."

"अहो, पण हे माझ्याबद्दल आहे!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मी त्याला बदलायला सांगू शकते. पण मग आपल्याला शब्दच कळला नव्हता, असा त्याचा गैरसमज होईल."

मी ते कार्ड त्यांच्या हाती परत दिले.

या सगळ्यात पाठ्यपुस्तक मागे पडे. जानेवारी उजाडला तरी दोन-तीन धडे शिल्लक. पालक माझ्याकडे येत, संस्था मला जाब विचारी. शेवटी मी बाईंना लेखी समज दिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर परत आली. खाली पोच म्हणून त्यांची सही होती. मधल्या एका ओळीतला 'दिरंगाई' हा शब्द खोडून वर 'विलंब' लिहिले होते आणि समासात टीप होती: "दिरंगाईत आळस येतो. आळस मी केलेला नाही." मी तो कागद फाडून टाकला.

माझ्या पत्नीला पुण्यात इस्पितळात ठेवले होते तेव्हाची गोष्ट. शाळेतले सगळे भेटून गेले, सगळ्यांनी धीर दिला. बाई शाळा सुटली की लोकलने येत आणि तासभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून परत जात. चौथ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, "बाई, तुम्ही काही बोलत का नाही?" त्या म्हणाल्या, "योग्य शब्द सापडत नाहीये, सर. सापडेपर्यंत बसते." पत्नी घरी येईपर्यंत त्या अशाच येत राहिल्या. तो शब्द त्यांना सापडला नाही, पण त्या दिवसांत मला दुसऱ्या कोणाच्या बोलण्याचा तेवढा आधार वाटला नाही.

आता जी हकिगत सांगतो ती या ग्रंथाच्या समितीतल्या काहींना आवडणार नाही. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "घडलंय ना? मग लिहा."

शालन ही पिंपळे गुरवच्या धोंडिबाअण्णा नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्या घरातली एस.एस.सी. झालेली ती पहिलीच. विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मुली घेणार होते. अण्णांनी तिला एवढीच मुभा दिली होती, की नोकरी लागली तर लागली, नाहीतर येत्या वैशाखात लग्न. अर्जासोबत शाळेचे शिफारसपत्र हवे होते. ते बाईंनी लिहिले आणि मी न वाचता सही केली.

पत्रात होते, की ही मुलगी सत्यवचनी, काटेकोर आणि 'ऑब्स्टिनेट' आहे. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. मुलाखतीतल्या साहेबांनी ते वाचले आणि हट्टी मुलगी आम्हाला कशाला, असे म्हणून तिला परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी धोंडिबाअण्णा शाळेत आले. टोपी हातात, आवाज चढलेला. "मास्तर, माज्या पोरीला तुमी काय लिवून दिलंय? चार लोकांत तिला हट्टी म्हनायला शाळंत घातली हुती व्हय?"

ते गेल्यावर मी बाईंवर जितका ओरडलो तितका आयुष्यात कोणावर ओरडलो नाही. त्या म्हणाल्या, "पण ती आहेच तशी. एक उतारा मनासारखा होईपर्यंत तिने मला अकरा वेळा दाखवला होता. मी ते कौतुकानं लिहिलं."

"बाई, ही काय कार्डावरची वाक्यं आहेत? पोरीचं आयुष्य आहे ते!"

बाईंनी टेबलावरची शिफारसपत्राची प्रत उचलली आणि त्या वर्गाकडे गेल्या.

त्या रविवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "सही तुमचीही आहे. चला." बसथांब्यापासून शेतांच्या बांधाने आम्ही पिंपळे गुरवला पोचलो. अण्णांनी बसायला घोंगडी टाकली. बाई बसल्या नाहीत.

"धोंडिबाअण्णा, चूक माझी आहे. शब्द खरा होता, पण वाचणाऱ्याला तो कसा लागेल याचा मी विचार केला नाही. इतकी वर्षं मुलांना शब्द शिकवते आणि हेच विसरले."

अण्णा घोंगडीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "तुमी मोठ्या मनानं चूक म्हंता, पर पोरीची नोकरी गेली त्याचं काय? पाव्हनं बघून गेल्यात. लगीन ठरल्यात जमा हाय."

"मला एक वर्ष द्या."

"आन पुन्ना असंच कायबाय लिवलं मंजी?"

इतक्यात आतून शालन उंबऱ्यापर्यंत आली. "अण्णा, मी नोकरी लागल्याबिगर लगीन करनार न्हाई. सांगून ठेवते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिले, मग बाईंकडे. "त्यो शब्द काय म्हनला तुमी?"

"ऑब्स्टिनेट."

"बरुबर लिवलाय," अण्णा म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. वर्ष मिळाले.

ते वर्षभर शालन दर रविवारी बाईंच्या चिंचवडच्या खोलीवर इंग्रजी शिकायला जात होती. पुढच्या भरतीच्या वेळी दुसऱ्या एका कारखान्यासाठी पुन्हा शिफारसपत्र लिहायची वेळ आली. मी सुचवले, "सरळ ब्रिलियंट लिहा आणि मोकळ्या व्हा."

"ती ब्रिलियंट नाही," बाई म्हणाल्या.

एवढे सगळे होऊनही! मी कपाळाला हात लावला. चार दिवस त्या शब्द शोधत होत्या. पत्र पोचवायच्या शेवटच्या दिवशी कारकून टंकयंत्रावर कागद चढवून बसला होता, शालन दारात उभी होती आणि मी येरझाऱ्या घालत होतो. दुपारी बाई आल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर चार ओळी होत्या. या मुलीला दिलेले काम ती पुरे करते. चुकले तर पुन्हा करते. कळले नाही तर विचारते. तिच्यावर विश्वास टाकल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. इंग्रजी असे, की आमच्या आठवीतल्या मुलालाही कळावे.

मी म्हणालो, "बाई, एवढ्यासाठी चार दिवस?"

"मोठा शब्द शोधत होते, सर. मग लक्षात आलं, की हे वाचणाऱ्याला मुलगी दिसायला हवी. मी नाही."

या वेळी मी सही करण्यापूर्वी पत्र दोनदा वाचले. शालनला नोकरी लागली. त्यानंतर दोन वर्षांनी तिने लग्न केले, आणि आज त्याच कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर नव्या मुलींना काम शिकवते.

बाईंच्या हाताखालून गेलेली मुले आज या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आहेत. साहेबाने इंग्रजी कागद पुढे केला की ती तो वाचतात, न कळलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारतात, आणि कळल्याखेरीज सही करत नाहीत. त्यामुळे काही साहेब माझ्याइतकेच वैतागले असतील. त्यांना माझी सहानुभूती आहे.

बाईंचे गुडघे आता कुरकुरतात. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली आहे, ती दाराआड उभी असते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसऱ्याची तारीख त्या पुढे ढकलत आहेत, कारण शेजारची दोन मुले परीक्षेला बसली आहेत. सांगून उपयोग नाही, म्हणून इथे छापून सांगतो. बाई, काठी हातात घ्या, डोळा वेळेवर करून घ्या, आणि दोन वेळा गरम जेवत जा. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला तुमच्यावर चिडण्याची सवय झाली आहे, आणि या वयात ती सुटणे आम्हाला सोसणार नाही.