नकुशीनं जाळायला सांगितलेलं कार्ड

केंदूरच्या नकुशीनं बाळंतपणाच्या कळांआधी नऊ वर्षं लोकांचे टोमणे सोसले. आईबापाला चौथी मुलगी नको होती म्हणून तिचं नाव नकुशी, आणि सासरी आल्यावर तिलाच लेकरू होईना. दोष नवऱ्यात, भिमात होता. पण असल्या बाबतीत गावाला बाईच सापडते, गडी कुणाला दिसत नाही.

शेवटी दोघं दौंडला एका डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी परक्या पुरुषाचं बीज घेण्याचा उपाय सांगितला. भिमानं मान खाली घातली आणि एकच अट घातली, "आपल्या धनगराचंच बघा. दुसऱ्याचं नगं." घरी आल्यावर त्यानं देव्हाऱ्यापुढं नकुशीला बेलभंडारा उचलायला लावला. मरेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही. खंडोबाच्या हळदीवर घेतलेली आण त्यांच्यात मोडत नसतात.

हर्षदा झाली आणि भिमानं तिला चार वर्षं खांद्यावरून खाली उतरवलं नाही. बाप म्हणावा तर असा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा हर्षदा आईपेक्षा मोठ्यानं रडली होती.

यंदा तिला राहू गावचं स्थळ आलं. मुलगा मल्हार, रांजणगावला कंपनीत सुपरवायझर. दोन्हीकडच्या जाणत्यांनी कुळ पाहिलं, देवक पाहिलं, सगळं वेगवेगळं निघालं. पोरं रोज फोनवर बोलायला लागली. हर्षदाच्या भाकरी तव्यावर करपायला लागल्या, आणि नकुशी रागवायचं सोडून हसायला लागली.

सुपारी फुटायच्या आधीच्या रविवारी मल्हारची आई पार्वतीबाई पहिल्यांदाच केंदूरला आली. नकुशीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तिची नजर पार्वतीबाईच्या हनुवटीवरल्या गोंदणावर थांबली. तीन हिरवे ठिपके. पार्वतीबाईनंही तिला ओळखलं. शेळ्या बघायच्या निमित्तानं दोघी गोठ्यामागं गेल्या.

"आक्का, दौंडच्या दवाखान्यात बाकावर तुम्ही मला अर्धी भाकरी दिलती," पार्वतीबाई म्हणाली.

"म्हंजी मल्हार बी?"

पार्वतीबाईनं होकाराची मान हलवली आणि हात जोडले. "मालकांनी माझ्याकडनं भंडारा उचलून घेतलाय. गावात कळलं तर जीव देतील ते. तुमच्या पाया पडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकुशी दौंडला गेली. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. डॉक्टर वारले होते. त्यांचा कंपाउंडर बन्सी स्टेशनजवळ रसवंती चालवत होता.

"बन्सीभाऊ, माझं कार्ड बघायचंय. त्याच्यावर देणाऱ्याचा नंबर असंल ना?"

बन्सीनं चरक थांबवला. "वहिनी, असल्या दवाखान्यांचा नवा कायदा आला तवाची गोष्ट आठवा. इथून पुढं सगळ्यांची नोंद ठेवायची, असं ठरलं. पण आधीच्या कार्डांचं काय करायचं, ते डॉक्टरांना कुणी नीट सांगंना. दवाखाना तर बंद करायचा होता. मग त्यांनी एकेकाला फोन करून इचारलं, तुमचं कार्ड ठेवू का नष्ट करू?"

नकुशीला तो फोन आठवला. भिमा तेव्हा शेतात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिनं क्षणाचाही विचार केला नव्हता. "जाळून टाका डॉक्टर, राख बी ठेवू नका," असं ती म्हणाली होती.

"एकानं बी ठेवा म्हटलं न्हाई," बन्सी म्हणाला. "मीच जाळली."

"मग देणारी मान्सं किती व्हती, ते तरी सांगा."

"परत्येकाला आपल्याच समाजातला पायजे व्हता. तुमच्यातली पोरं कुठनं मिळायची? दोन व्हती. फार तर तीन." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "रक्त तपासून कळतं आता. पण दोन्ही पोरांना न्यावं लागंल."

दोन्ही पोरांना न्यायचं म्हणजे दोघांना सांगायचं. मेलेल्या नवऱ्याची आण मोडायची, त्या बाईच्या संसाराची राखरांगोळी करायची, आणि हर्षदाला सांगायचं की ज्याच्या खांद्यावर तू वाढलीस तो तुझा कुणी नव्हता. न सांगावं तर कदाचित सख्ख्या रक्ताशी लेकीचं लग्न लावायचं. परतीच्या एसटीत नकुशी पदर तोंडात कोंबून रडली. जात सांभाळायला गेलो आणि लेकीलाच खड्ड्यात घातलं, हे तिच्या मनातून जाईना.

घरी येऊन तिनं सांगितलं, "राहूच्या पोराशी लग्न करायचं न्हाई."

हर्षदाला आधी थट्टाच वाटली. "का?"

"मला मुलगा पसंत न्हाई."

"काय खोट हाय त्याच्यात? एक तरी सांग!"

नकुशी खाली बसून तांदूळ निवडू लागली, तरी खडे तिला दिसत नव्हते. हर्षदा रडली, भांडली, तिनं आईचे पाय धरले. शेवटी तिनं भिंतीवरचा भिमाचा फोटो काढून छातीशी धरला.

"आप्पा असते तर त्यांनी हे लगीन लावलं असतं. माझं सगळं त्यांच्यावर गेलंय, लोक बी तेच म्हणतात. मी आप्पांची हाय. तुझी कुणी न्हाई!"

नकुशीनं सूप बाजूला ठेवलं. देव्हाऱ्यात भंडाऱ्याची वाटी तशीच होती.

"व्हय बाई," ती म्हणाली. "तू आप्पांचीच."