तिकडून खरं सांगत जा

मी निघालो तेव्हा सांगलीच्या घरापुढे मुंबईची गाडी येऊन उभी होती. मावशीने हातावर दही घातलं, वहिनीने दशम्या बांधून दिल्या, दादा उगाचच बॅगांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत होता. पोचलास की कळव, जेवत जा, सगळं रीतसर झालं. आई मात्र खिडकीशी वाकून म्हणाली, "तिकडून रोज मजेत आहे म्हणून सांगू नकोस. खरं सांगत जा." मला रागच आला. निघताना कुणी असं बोलतं का?

आई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. अख्खा गाव तिला बाई म्हणायचा. शब्दाचा अर्थ सांगून तिचं भागत नसे, त्याचं कूळमूळ काढल्याशिवाय ती सोडायची नाही. एकदा पाठीला मलम चोळून घेताना ट्यूबवरच्या 'सूदिंग' या शब्दावरून तिने माझा तासच घेतला. या 'सूद'चा पहिला अर्थ दुखणं शमवणं नव्हताच म्हणे. मुळात त्याचा अर्थ होता, एखादी गोष्ट खरी असल्याचं दाखवून देणं. आपल्या 'सत्य'चा तो लांबचा भाऊबंद. पुढे लोक समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'खरंय, खरंय' करत मान डोलवू लागले, त्यालाही तोच शब्द. मग गोंजारणं आलं, आणि दुखणं हलकं करणं सगळ्यात शेवटी. "माणसं कशी घसरत गेली बघ," ती म्हणाली, "आणि तू जरा जोर लावून चोळ."

इकडे परदेशात, आयंधोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात मी चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायला आलो. जे इकडे आलेत त्यांना हे सगळं पाठ आहे: वाऱ्याला तोंड देत मारलेली सायकल, आणि गुडघा दुखो की डोकं, पॅरासिटामॉलच देणारा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. फोनवर मात्र मी मजेतच असायचो.

मग कोरोना आला. ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. मी एकटा, घर खायला उठायचं. सुपरमार्केटमधली बाई प्लास्टिकच्या आडून 'फाइनं दाख' म्हणायची, दिवस छान जावो. कित्येकदा दिवसभरात माझ्याशी समोरासमोर कुणी बोललेलं तेवढंच असायचं.

त्याच दिवसांत दादाचा फोन आला. आईची पाठ दुखत होती तो कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. विमानं बंद होती. घरात सगळे तिला म्हणायचे, विमानं सुरू झाली की पहिला तोच येतोय. मीही स्क्रीनवरून हो ला हो करत होतो. दुसरं काय बोलणार?

एक दिवस दादा अंगणात जाऊन हळू आवाजात बोलला. "दुखण्याचं औषध घेत नाही रे ती. म्हणते, मी गुंगीत असले आणि तो आला तर? रस्त्यावर गाडी वाजली की दाराकडे बघते."

मी म्हटलं, फोन तिच्या कानाशी धर.

"आई, मला येता येणार नाही."



"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं सांगितलंस." मग दादाला म्हणाली, "आण ते औषध." घोट घेऊन मला विचारलं, "आणि तू कसा आहेस?"

"एकटा आहे, आई. फार एकटा आहे."

"हं," ती म्हणाली. "आता कसं."

दादाने फोन उशीपाशीच ठेवला. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. कित्येक दिवसांनी ती शांत झोपली होती. मी टेबलाशी बसून रडलो, बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढच्या आठवड्यात ती गेली. ते मी फोनवरच पाहिलं, त्याबद्दल अजून लिहवत नाही.

विमानं सुरू झाल्यावर गेलो, राहिलो, परत आलो. घर कुठलं, असं इथे सगळेच विचारतात. पूर्वी सांगली म्हणायचो. आता वाटतं, जिथे मजेत आहे म्हणावं लागत नाही, तेवढीच जागा घर. आपलं माणूस गेलं की तीही जाते, पण जपली तर थोडी मागे उरते.

दर रविवारी दादाचा फोन येतो. कसा आहेस, विचारतो.

"आज करमत नाहीये," मी म्हणतो.

"मलाही," दादा म्हणतो, आणि मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.