डोहातलं बियाणं

वारलू ढिवर बोलताना समोरच्याकडे बघत नसे. तलावाकडे बघे. तलाव आटलेला असला, तर जिथे पाणी होतं त्या जागेकडे. साठी उलटलेला काळा, हडकुळा माणूस. पाण्यात राहून पायांची बोटं पसरलेली. कोसमटोल्याच्या तलावात त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकलं होतं. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तोवर माशांतला एक वाटा त्याच्याकडे जाई, आणि तो दर उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, भर टाकून घेई. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि पाळीवर कुणी एक टोपलीही टाकेनासं झालं.

पाळीच्या पायथ्याशी एक डोह होता. वैशाखात सारा तलाव भेगाळून जाई, पण डोहात खळ्याएवढं पाणी उरे. मरळ आणि वाघूर मासे त्या पाण्यात जमत, एकमेकांच्या अंगावर अंग टाकून पावसाची वाट बघत. टोपली बुडवली तरी हाती लागतील इतकी दाटी. पण त्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा ढिवरांचा नेम. ते पुढच्या सालाचं बियाणं. नेम राखायचं काम वारलूच्या घराकडे होतं. उन्हाळाभर तो काठावर पळसाच्या फांद्यांचा मांडव घालून बसे.

एकदा त्याच्या मुलानं, इस्तारीनं, डोहात गळ टाकला. वारलूनं त्याला गावादेखत ओल्या दोरानं मारलं. इस्तारी पुढे कोळशाच्या खाणीत गेला तो परतला नाही. मारामुळे गेला की भुकेमुळे, हे वारलूनं स्वतःला कधी विचारलं नाही. सून गिरजा आणि तिची लहान मुलगी मागे राहिल्या.

सत्तावन्न साली पोळ्यानंतर पाऊस आला नाही. धान पोटरीत आलं आणि उभ्याउभ्या वाळलं. लाकडाला उठाव नाही म्हणून जंगलातल्या ठेकेदारानं तोड बंद ठेवली, आणि बैलगाड्या दारांपुढे नांग्या टाकून पडून राहिल्या. सोमाजी हा गावातला मोठा कास्तकार. त्यानं आपला सालगडी नथ्थू याला काढून टाकलं. नथ्थूच्या बायकोनं मासे घेणं सोडलं. मासे विकले जात नाहीत म्हणून वारलूनं नवं धोतर पुढे ढकललं. धोतरं खपत नाहीत म्हणून मूल गावचा कोष्टी बाजाराला यायचा थांबला. प्रत्येकानं शहाणपणानं आपलं तोंड आवळलं, आणि त्या आवळण्यानं शेजाऱ्याचं पोट आत गेलं. चूक कुणाचीच नव्हती. गाव शहाणपणानंच मरत होतं.

फाल्गुन लागला तेव्हा तालुक्याहून ओव्हरसियर आला. वर्ध्याकडचा, सायकलवर. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली लोक जमले. तलावाचा गाळ काढायचा आणि पाळ दुरुस्त करायची, असं दुष्काळी काम मंजूर झालं आहे, असं त्यानं सांगितलं.

"पैसा कोन देऊन राह्यला, साह्येब?" सोमाजीनं विचारलं.

"सरकार."

"सरकारपाशी हाय?"

ओव्हरसियर हसला. "नाही. धान पिकलं नाही तर शेतसारा कुठून येणार? कर्ज काढतंय. थोड्या नोटाही छापत असेल."

"म्हंजे आमच्यापरीस भिकारी! मी पाहा, पिकलं नाई तं गडी काढला, घरी एक टायमाची चूल केली. शहाना मानूस असाच करते. आन् तुमचं सरकार? घरात नाई दाना, आन् गावाले जेवन."

"तुह्या काढलेल्या गड्याच्या घरी तुही दाळ जात होती, सोमाजीभाऊ," मागून नथ्थू म्हणाला. "आता ते कोन घेऊन राह्यलं, ते बी सांग साह्यबाले."

"उंदरं घेऊन राह्यले, उधारीवर!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सोमाजीही अर्धवट हसला.

ओव्हरसियर हसला नाही. "सगळ्यांनी एकदमच मूठ आवळली तर उघडायची कुणी?" तो म्हणाला. "ज्याची मूठ मोठी, त्यानं. त्याच्याही मुठीत काही नसलं तरी. पुढं पाणी होईल, धान होईल, तेव्हा फिटेल. त्या भरवशावर चाललंय हे."

मग तो पाळ उतरून खाली गेला आणि काठीनं पायथा टोचला. माती आत गेली. पाळ तिथेच सडली होती, नेमकी डोहाशेजारी. तेवढा भाग कापून काढून नव्यानं भरावा लागेल, आणि त्यासाठी आधी डोह उपसून कोरडा करावा लागेल. होळीच्या आत कोरडा झाला तर काम इथे, असं त्यानं सांगितलं. नाहीतर ते शेजारच्या गावाला जाईल. त्यांचा तलाव कोरडाच आहे.

लोक वारलूकडे बघू लागले. वारलू डोहाकडे बघत होता.

"डोह नाई उपसता येत," तो म्हणाला.

"काऊन गा?" म्हातारी अन्नपूर्णा पुढे आली. तिचे दोन्ही नातू महिनाभर उकडलेल्या मोहफुलांवर होते. "मासोळ्यांसाठी गाव मारतं का, वारलूभाऊ?"

"मासोळ्या नोहेत, बाई. बियानं हाय. बियानंच खाल्लं तं पुढच्या साली काय?"

"पुढच्या साली खाले मानसं तं पाह्यजेत ना!"

वारलू पाळ उतरून चालू लागला. तो घरी आला तेव्हा गिरजा मडकी दोरीत बांधत होती.

"हे काय करून राह्यली?"

"काम दुसऱ्या गावाले गेलं तं मी पोरीले घेऊन जाते, मामाजी."

"कुठी?"

"जिथी लोक जाते तिथी." ती दोरीची गाठ आवळत राहिली. "तुमी तुमच्या पोराले मारलं तवा मी बोलली नाई. आता बी बोलत नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच वारलू एकटा डोहात उतरला. छातीएवढ्या पाण्यात बराच वेळ उभा राहिला. मासे त्याच्या पोटाला, मांड्यांना धडकत होते. भ्यायची त्यांना सवय नव्हती. मग त्यानं खांद्यावरचं जाळं सोडलं आणि स्वतःच्या हातानं टाकलं.

लहान मासे त्यानं घरोघर वाटले. मोठ्या मरळी मात्र ओल्या चिखलासकट मडक्यांत घातल्या. मरळ थोड्या पाण्यातही तग धरते. गिरजा आणि चार ढिवर बाया डोक्यावर मडकी घेऊन त्याच्या मागे निघाल्या. वैनगंगा गाठायला दिवस कलला. काठावरच्या मार्कंडा देवाची शिवरात्रीची जत्रा नुकती उठून गेली होती. वाळूत चुलींचे काळे दगड तसेच पडले होते. वारलूनं एकेक मरळ दोन्ही हातांत धरून नदीत सोडली.

"देत नाई तुले," तो नदीला म्हणाला. "उसनं देऊन राह्यलो."

"नदी परत करते का, मामाजी?" गिरजानं विचारलं.

"तलाव भरला, सांडव्यावरून पानी वाह्यलं, नाल्यातून इथवर आलं, तं करते. त्या धारेवर मासोळी उलटी चढते. सांडवा वाह्यला पाह्यजे." परतीच्या वाटेवर तो एवढंच पुन्हा एकदा म्हणाला, "सांडवा वाह्यला पाह्यजे."

होळीआधी डोह कोरडा झाला आणि काम लागलं.

उन्हात तलावाच्या तळाशी माणसं पसरली. पुरुष खणत, बाया टोपल्या वाहत. खणलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा असे, वरच्या गवतासकट. किती खोल खणलं ते त्यावरून मोजलं जाई आणि त्या मोजणीवर मजुरी मिळे. त्याला साक्षी म्हणत. दर आठवड्याला मोजणी झाली की जुन्या साक्षी फोडत आणि नव्या खड्ड्यांत नव्या सोडत.

बाजार पुन्हा भरू लागला. कोष्टी आला. बांगडीवाली आली. नथ्थूच्या बायकोनं सोमाजीकडूनच डाळ घेतली. ती तराजूत टाकताना सोमाजी कुरकुरला, "सरकारनं नोटा छापल्या म्हनून म्हागाई झाली." आणि भाव वाढले होते, हेही खोटं नव्हतं. पण डाळ विकली गेली. वारलूजवळ मात्र विकायला काही नव्हतं. तो म्हातारपणी सुनेच्या जोडीनं माती वाहू लागला. कापलेल्या पाळीतल्या खांडीकडे, त्या खिंडाराकडे, तो येताजाता बघे. जुनी सडकी माती काढून टाकली होती. नवी अजून कमरेएवढीच चढली होती.

ज्येष्ठात ओव्हरसियर आला तो सायकल हातात धरून. काम थांबवायला सांगितलं.

"तरतूद संपली," तो म्हणाला. "वरून काटकसरीचा हुकूम आहे."

"खांड उघडी हाय, साह्येब," वारलू म्हणाला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा एखाद्याच्या तोंडाकडे बघितलं. "पानी आलं तं थांबन कुठी?"

"मला दिसतं ते." ओव्हरसियरनं सायकल पाळीला टेकवली. "अर्धं काम न केल्यापेक्षा वाईट, हे मी लिहून दिलं आहे. मोजणीला मी येतो. या आठवड्याच्या साक्षी मोडू नका."

तो आला नाही. त्याची बदली झाली असं पुढे कळलं, आणि त्या आठवड्याची मजुरी तशीच अडकून राहिली.

"मी म्हटलं नोहतं?" सोमाजी चावडीवर म्हणाला. "रिकाम्या हातानं धरलेलं बोट असंच सुटते."

वारलूनं मात्र टोपली खाली ठेवली नाही. तो एकटा खांडीत माती टाकू लागला. लोक मोहाखाली बसून बघत.

"सरकारचं काम सरकार करल ना, वारलूभाऊ," नथ्थू म्हणाला.

"सरकारचं काम संपलं. माहं उसनं बाकी हाय."

आधी ढिवर बाया उठल्या, मग नथ्थू. ज्यांच्या घरी शेवटच्या मजुरीचे तांदूळ उरले होते ते आले. ज्यांचे संपले होते ते येऊ शकले नाहीत. सोमाजी स्वतः आला नाही, पण एका सकाळी त्याची बैलजोडी गाडीसकट पाळीखाली उभी होती. आभाळ भरून येत होतं. माती दुरून आणावी लागे, म्हणून कुणीतरी तळातल्या साक्षी फोडायला कुदळ उचलली. गिरजा आडवी आली.

"ते आमच्या घामाची साक्ष हाय. मोजल्याबिगर हात लावू नोका."

त्यानं कुदळ खाली ठेवली. साक्षी तशाच उभ्या राहिल्या, आणि खांड पाळीच्या निम्म्या उंचीपर्यंत भरली.

त्या वर्षी तलाव निम्माच भरला. वरचं पाणी खांडीवरून निसटून गेलं. तरी धानाला ऐन वेळी एक पाणी मिळालं आणि खाण्यापुरतं पिकलं. नथ्थू पुन्हा सोमाजीकडे कामाला लागला. सांडवा कोरडाच होता. तलावात पाणी होतं, पण त्यात एकही मासा हलत नव्हता. वारलू सकाळी काठावर जाऊन बसे. कालवण नसे तेव्हा भातावर मीठ घालून खाई, आणि मासे खायला कुणी बोलावलं तर जात नसे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला. साक्षी तिथेच होत्या, झिजून ठेंगण्या झालेल्या, अंगावर बाभळीची काटेरी रोपं घेऊन.

त्याच उन्हाळ्यात, एकोणसाठ साली, थोडी तरतूद आली. नव्या ओव्हरसियरनं उरलेली खांड भरून घेतली. गिरजानं त्याला तळातल्या साक्षी दाखवल्या.

"मागची मोजणी माझ्याकडे नाही, बाई," तो म्हणाला. चांगला माणूस होता. त्यानं मान खाली घालून म्हटलं.

त्या श्रावणात सांडवा वाहिला.

वारलूच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. गिरजानं त्याला हाताला धरून नेलं. सांडव्याच्या दगडांवर बसून त्यानं पाय धारेत सोडले. दुपार टळली. मुलगी भुकेनं रडून झोपली. वारलू हलला नाही. मग त्याच्या घोट्याला काहीतरी लागलं, मागे सरकलं आणि पुन्हा जोर करून वर गेलं. मग आणखी एक.

"मामाजी, हायेत का?"

"हायेत."

"आपल्याच?"

"कोनाच्या बी असू दे. लहान हायेत." त्यानं झोपलेल्या नातीच्या दिशेला मान वळवली. "दोन घे. पोरीसाठी. बाकी जाऊ दे."

गिरजा त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडून असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं दोनच घेतल्या.

भाद्रपदात वारलू डोंग्यात बसून तलावात गेला. वल्हं गिरजाकडे होतं. जुना डोह जिथे होता तिथे त्यानं अंदाजानं हलकं जाळं टाकलं. ते अडकलं, ओढलं तसं फाटलं. त्यानं वाकून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बोटांना काटे लागले, काट्यांखाली घट्ट माती, आणि मातीच्या आडोशाला थंड, निसरडी हालचाल. तो तसाच वाकून राहिला.

"काय हाय, मामाजी?"

"तुह्या साक्षी." त्यानं हात बाहेर काढला. "गिरजे, इथी जाळं टाकायचं नाई. कोनाले टाकू देजो नोको."

"इथी माही मजुरी हाय," गिरजा म्हणाली.

"हाय. आता इथीच राहू दे."

गिरजानं डोंगा वळवला आणि त्या जागेला लांबून वळसा घालून काठाकडे नेला.