झाकण लावण्याआधी

तोंडावर मी तिला 'ताई, तुम्ही' म्हणते आणि पाठीमागे 'थोरली'. माझी जाऊ आहे, तेवढी सूट मला असू द्या. एकाच घरात दिलेल्या, एकाच ओट्यावर भांडलेल्या आणि आता एकाच भटारखान्यात कामाला जाणाऱ्या आम्ही दोघी. भटारखाना बोटींच्या धक्क्याला लागून आहे. तिथून बोटीवरच्या पार्ट्यांचं खाणंपिणं जातं. बोटीवर शेगडी पेटवायला परवानगी नाही, म्हणून सगळं इथंच शिजवायचं, गार करायचं, डब्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेट्यांत रचायचं. जड बाटल्या खाली, डबे वर, पाव सगळ्यात शेवटी. नाहीतर बोट हलली की त्याचा लगदा होतो.

थोरलीचं काम शेवटचं. झाकण लावण्याआधी ती प्रत्येक डब्यावर वाकायची, हुंगायची, मान हलवायची, मगच झाकण लागायचं. मालकीणबाईंचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिच्या नाकावर भरवसा. जमिनीवर पोट बिघडलं तर माणूस घर गाठतो, दवाखाना गाठतो. बोट एकदा सुटली की संध्याकाळशिवाय परत येत नाही, आणि माणसं पन्नास असली तरी संडास एकच. तुम्हीच विचार करा.

या नाकामुळे थोरली घरीही जरा नाकानं कांदे सोलायची. दूध खाली लागलंय, तेल जुनं आहे, डाळीत किडा होता का गं? आणि ते खरं असायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा त्रास.

थंडीत तिला ताप आला. अंथरूण धरलं, मग उठली, कामाला लागली. बदल एवढाच की माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद झालं. मला वाटलं, आजारपणानं शहाणपण आलं.

मग तिची लेक बाळाला घेऊन राहायला आली. पहिलीच नात. थोरलीनं तिला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि बराच वेळ तशीच बसली. मग तिचा चेहरा असा काही उतरला की लेकीनंच बाळ काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाळानं दुपटं भरवलं. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याला कळलं, मांडीवर घेऊन बसलेल्या आजीला कळलं नाही.

लेक आतून आली. "आई, तुला वास येत नाही का?"

"लक्ष नव्हतं गं."

"डब्यांकडे बरं असतं लक्ष. नातीकडे नसतं."

ठरल्यापेक्षा आधीच ती सासरी निघून गेली. त्या दिवशी मी थोरलीला मोरीत गाठलं आणि फिनेलची उघडी बाटली तिच्या नाकाखाली धरली. तिनं नाकही मुरडलं नाही. तापात वास गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, येईल तर येईल.

"कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे," ती म्हणाली. "नाकच नाही म्हटल्यावर मला तिथं ठेवतील कशाला?"

"निदान लेकीला तरी सांगा."

"तिला तर मुळीच नको. ती म्हणेल, काम सोड आणि घरी बस. घरी बसून मी काय करू, तुझं तोंड बघू?"

तेव्हापासून नाक माझं आणि मान तिची. मी शेजारी उभी राहून डबे भरायची, काही खटकलं की खोकायची. दोनदा खोकले, दोनदा डबा बाजूला गेला. मालकीणबाई म्हणाल्या, काय नाक आहे ताईंचं. माझ्या खोकल्याचं कौतुक कुणी केलं नाही.

आणि एका शनिवारी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, दोन्ही नाकपुड्यांना बूच मारल्यासारखी. मालकीणबाईंनी माझ्या तोंडाला फडकं बांधलं आणि मला डब्यांपासून लांब, बाटल्यांवर पाठवलं. बंद बाटल्यांना सर्दी होत नाही म्हणाल्या. मी सोडा आणि सरबतं बर्फात उभी करत होते आणि मनात म्हणत होते, आजचा दिवस तेवढा सरळ जाऊ दे.

तो जायचा नव्हता. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. म्हणजे रात्री वीज गेली होती. किती वेळ, कुणाला ठाऊक? फ्रीज गार होता, पण आतलं लोणी वितळून पुन्हा एका बाजूला थिजलं होतं. आणि त्याच फ्रीजमध्ये आदल्या दिवशी शिजवलेली कोंबडी, मासे आणि उकडलेली अंडी. पार्टी एका म्हाताऱ्या बाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. मुलं, सुना, कडेवरची पतवंडं, सगळे येणार.

मालकीणबाईंनी डबे थोरलीपुढे मांडले. "ताई, तुम्ही वास घ्या. तुम्ही म्हणाल तसं."

थोरलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी फडक्यावरून नाकाला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली.

ती कोंबडीच्या डब्यावर वाकली. झाकण हातात घेतलं, डब्यावर टेकवलं, पुन्हा उचललं. "ही जाणार नाही," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, शाबास, असंच रेट. मालकीणबाईंनी डबा स्वतःच्या नाकाशी नेला. "मला तर काहीच येत नाहीये. पण तुम्ही म्हणताय तर असेल. मासे?"

"तेही नको."

"अंडी?"

"नको."

"आणि हे केक? ते तर आत्ता आलेत दुकानातून."

थोरलीनं केकच्या डब्यावर वाकून बराच वेळ घेतला. "तेही," ती म्हणाली, आणि मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"ताई, काय झालंय?"

"मला वास येत नाही," थोरली म्हणाली. "तापानंतर गेला तो आलाच नाही. माझ्या भरवशावर काही पाठवू नका."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू. एवढे दिवस खोकून खोकून सांभाळलं आणि हिनं एका दमात सगळं ओतून टाकलं. मी तशीच पुढे झाले. "वास मी घेत होते. एकही वाईट डबा गेलेला नाही."

"आज तुझं नाक कुठे आहे?" मालकीणबाई म्हणाल्या आणि बर्फाच्या पेटीवर मटकन बसल्या. आजवर पाठवलेले सगळे डबे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार.

बोट पाव, फळं, केक आणि बाटल्या घेऊन गेली. म्हातारीचा मुलगा धक्क्यावर मालकीणबाईंना वाटेल ते बोलला आणि त्यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. कोंबडी खड्ड्यात पुरली. ती चांगली होती की वाईट, ते आता कुणालाच कळणार नाही. मालकीणबाईंनी थोरलीला काढलं नाही. "सोमवारपासून तुम्ही बाटल्यांवर," एवढंच म्हणाल्या. आतापर्यंत 'ताई' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नव्हतं.

मी घरी आल्या आल्या तिच्या लेकीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. शपथ गेली उडत. दिवे लागायच्या आत लेक बाळाला घेऊन दारात. आईपुढे उभी राहिली, काहीतरी बोलायला गेली आणि रडायलाच लागली. मग बाळ आईच्या मांडीवर ठेवलं.

थोरलीनं सवयीनं टाळूवर नाक टेकवलं आणि उचललं. "अगं, इकडे ये," ती मला म्हणाली. "हिचं डोकं हुंग आणि सांग मला, कसा वास येतो."

मी वाकले. माझं नाक सकाळपेक्षाही जास्त चोंदलेलं, आणि ते थोरलीलाही ठाऊक होतं. गालाला बाळाचे केस लागले, ऊब लागली, बाकी काही नाही. लेक माझ्याकडे बघत होती. माझा आवाज ऐकून तिला माझी सर्दी कळलीच होती, पण ती गप्प राहिली.

"दुधाचा," मी म्हणाले. "आणि जरासा कोमट तेलाचा."

"हं," थोरली म्हणाली आणि डोळे मिटले. "हिच्या आईचाही असाच यायचा."