स्वखुशीने

ती घटना आजही आठवते, पण आरोपीमुळे नाही. माझी सही असलेल्या एका शब्दामुळे.

आमच्या पोलीस ठाण्यात बातमी आणली बांगड्या विकणाऱ्या एका चाचांनी. माधवनगरजवळच्या बेदाण्याच्या शेडवर त्यांची फेरी असायची. "आवं मॅडम, फाटक सताड उघडं असतंय, पर आतली बाई भाईर पाय ठिवंना," म्हणाले.

छापा घातला. जतकडची तिशीतली बाई, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत बेदाणा निवडणारी. मालक खुर्चीत बसून चहा पीत होता. "कुलूप दाखवा मॅडम, मग बेड्या घाला." कुलूप नव्हतंच. हवालदाराने बाईला विचारलं, कोंडलं होतं? न्हाई. मारलं? न्हाई. प्रत्येक जबाबाखाली 'स्वखुशीने दिला' लिहून त्याचा हात बसलेला. त्याने 'स्वखुशीने कामास राहिले' असं लिहून टाकलं. मी न वाचता सही ठोकली.

निघताना सहज विचारलं, आता कुठे जाणार?

"रहिमतपूरला. धाकटी भन हाय. मालकाच्या घरी धुण्याभांड्याला ठिवलीया. मी जाते म्हटलं की मालक म्हणायचा, जा की. भन मातूर परत दिसायची न्हाई."

त्याच दुपारी बहिणीला सोडवलं आणि पुरवणी जबाब घेतला. पहिला कागद मात्र फाइलमध्ये राहिला.

मानवी तस्करीच्या त्या खटल्यात माझ्या साक्षीच्या वेळी बचावाच्या वकिलांनी तोच कागद उचलला. मालक सुटला असता, तर दोघी बहिणी पुन्हा त्याच्याच तावडीत गेल्या असत्या.

"बाई स्वखुशीने राहिली, असं तुम्हीच सही करून सांगताय."

"तो शब्द तिचा नाही, आमच्या ठाण्याचा आहे."

"म्हणजे खोट्या जबाबावर सही केलीत?"

"आळशी जबाबावर केली. त्याची शिक्षा मला द्या, तिला नको."

मग बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. "दार उघडं हुतं, सायब. पर भन तिकडं हुती."

न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की सक्तीला साखळी लागत नाही. धाकाने नकाराची वाट बंद केली, की ती वेठबिगारीच. आणि शोषणासाठी ठेवलेल्या माणसाची संमती कायदा मोजत नाही. मालकाला शिक्षा झाली. माझ्यावर ताशेरे होते. ते रास्त होते, मी अपील केलं नाही.

आता निवृत्त आहे. नव्या अधिकारी मुली कधी कधी जबाब दाखवायला घरी येतात. 'स्वखुशीने' दिसलं की मी पान उलटत नाही. त्या शब्दावर बोट ठेवते आणि विचारते, "हे ती म्हणाली, का तू?"