न झालेल्या ऑपरेशनची उपकारस्तुती

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची विनंती तोंडी करून चालत नाही. चिठ्ठी लागते. ती बुधवारपर्यंत सेक्रेटरींच्या हातात पडावी लागते. मग शनिवारी ते सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढतात, कारण मंडळीतल्या कुणाच्याही मराठीवर त्यांचा विश्वास नाही. डाव्या रकान्यात विनंत्या, उजव्या रकान्यात उपकारस्तुती, म्हणजे पार पडलेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. रविवारी पाळकसाहेब तो कागद वाचून देवाला कळवतात. देवाला हे सगळं आधीच ठाऊक असतं असा माझा समज होता, कमिटीचा तसा नसावा.

मी लिहिलं होतं, 'येत्या गुरुवारी माझ्या पतींच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. झडप बदलायची आहे. कृपया प्रार्थना करावी.' यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

ऑपरेशन यांनी आधी दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा पुतण्याच्या लग्नासाठी, एकदा थंडी संपू दे म्हणून. आता आणखी उशीर केलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. घरात हे बोलेनासे झाले होते. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळची प्रार्थना हेच करत आले; आता मात्र 'तूच कर' म्हणायचे आणि खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत बसायचे. मला आजाराचं एवढं भय नव्हतं. बुधवारी बॅग भरायला घेतली की हा माणूस पुन्हा नाही म्हणेल, याची मला धास्ती होती.

तर रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी उजवा रकाना वाचायला घेतला आणि त्यात आमचं नाव आलं. गुरुवारी झालेलं हृदयाचं ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल मंडळी देवाचे आभार मानत आहे! दीडशे माणसं एका सुरात 'आमेन' म्हणाली. ज्यांचं ऑपरेशन झालं ते तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, छातीला ओरखडासुद्धा नसताना बसले होते.

उपासना संपल्यावर लोकांनी आम्हाला घेरलं. "तीन दिवसांत उठून चर्चला आलात? प्रभूची करणी!" एका बाईंना टाके किती पडले ते हवं होतं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पायाचं सूप द्या, पण मिरी बेताची. मी सांगत होते, "अहो, अजून व्हायचंय!" पण एकदा कानावर पडलेली माहिती पुण्यात कुणी बदलून घेत नाही. आणि हे! हात जोडून उभे, आणि वर म्हणतायत, "हो, हो, त्याचीच कृपा."

रिक्षात बसल्या बसल्या मी विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कशाला? झालं ते बरं झालं," हे म्हणाले. "आता फक्त हॉस्पिटलात जाऊन यायचं राहिलंय." आणि हसले. तीन महिन्यांनी हसले. मला आनंद व्हायला हवा होता, पण वारजे येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी सेक्रेटरींना फोन लावला आणि रविवारी बोलू नये ते सगळं बोलले. ज्या ऑपरेशनसाठी मी रोज जीव मुठीत धरून बसते, त्याचे तुम्ही आभार मानून मोकळे झालात, असं मी म्हणाले.

संध्याकाळी ते पाळकसाहेबांना घेऊन हजर. सोबत टाइप केलेला कागद. मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा खुलासा: 'आज सकाळी वाचण्यात आलेली उपकारस्तुती रद्द समजण्यात यावी.' मी म्हटलं, उत्तम, आत्ताच्या आत्ता टाका.

यांनी कागद वाचला आणि परत दिला. "हे नका पाठवू."

"अहो, पण चूक आहे ती. माझी चूक आहे. शनिवारी चिठ्ठी उतरवताना मला वाटलं, तो गुरुवार होऊन गेला," सेक्रेटरी म्हणाले.

"असू दे. ती रद्द केलीत तर मला पुन्हा पहिल्यापासून घाबरावं लागेल."

सेक्रेटरींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

ते दोघे गेल्यावर यांनी स्वतःहून बायबल काढलं. प्रार्थना दोनच वाक्यांची केली. प्रभू, मला भीती वाटते. गुरुवारी तू तिथे ये. बस. एरवी यांच्या प्रार्थनेत आमटी गार व्हायची. मला आमेन म्हणता आलं नाही, रडूच आलं.

बुधवारी बॅग यांनीच भरली.

गुरुवारी सकाळी यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. अर्ध्या तासात सेक्रेटरी आले, हातात डबा. कुणी बोलावलं होतं त्यांना? शेजारी बसले. दर वीस मिनिटांनी चहा विचारला. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मला सांगितल्या. दार वाजलं की उठून उभे, पुन्हा बसायचे. चौथ्या तासाला माझा संयम संपला.

"तुम्ही आता घरी जा. काही असलं तर मी कळवीन."

"नाही वहिनी, मला जाता येणार नाही." ते माझ्याकडे बघतही नव्हते. "दीडशे लोकांना मी आभार मानायला लावलंय. ते खरं ठरल्याशिवाय घरी कसा जाऊ? रविवारपासून मी झोपलेलो नाही. देवाला सारखं हेच सांगतोय, चूक माझी आहे, ती त्यांच्याकडून वसूल करू नकोस."

मी डब्याकडे पाहिलं. तो त्यांनी माझ्यासाठी आणला होता. स्वतः सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी डबा उघडला, पोळीभाजी त्यांच्यापुढे धरली आणि "खा," म्हणाले. चांगल्या आवाजात नाही, दटावूनच. त्यांनी एक घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. टोपी काढत ते म्हणाले, "झालं. छान झालं."

मी काही बोलायच्या आत सेक्रेटरी मटकन खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरून हमसाहमशी रडायला लागले. नर्स धावत आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "पेशंटचे भाऊ का?"

मी हो म्हणाले.